आजींच्या पेल्याची नळी

मी एक जुनी, पांढरी, करंगळीएवढी नळी आहे. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे, जळमटांत राहते. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल. फ्रिजच्या दारातून पेल्यात पाणी पडतं, ते मी आणून दिलेलं असतं.

मला आणलं यमुनाआजींसाठी. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला. मुलगा जितेंद्र आणि सून नेत्रा सकाळीच मुंबईला नोकरीला जात. दिवसभर एकट्या आजींना डाव्या हातानं हंडा कलंडवता येईना. म्हणून हा फ्रिज आला.

हिरामण प्लंबरनं मला भिंतीतल्या लाइनला जोडलं. पिण्याचं पाणी सकाळी अर्धाच तास येई. बोअरचं चोवीस तास, जोरात. त्यानं जोर पाहिला आणि बोअरला जोडलं. पहिल्या थेंबालाच मला कळलं, हे खारट आहे. पण नळीचं कोण ऐकतं?

फ्रिजला हळदकुंकू लागलं. पहिला पेला आजींचा, हा घरातल्या मोठ्या माणसाचा मान. आजी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड आहे हो." सगळे खूश झाले. बाकीचे हंड्यातलंच पीत राहिले. फ्रिजचं पाणी खास आजींचं, त्याला कोण हात लावणार!

चार महिने मी त्या माउलीला खारट पाणी पाजलं. मला फार लाज वाटे. आजी दोन घोट घेत आणि उरलेलं खिडकीतल्या तुळशीला घालत. हळूहळू तुळशीची पानं करपली. आजींनाही चक्कर येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी कमी पडतंय.

त्या संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला नेत्रानं आजींचाच पेला उचलला. बोटांना काहीतरी चिकट लागलं म्हणून तिनं एक घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला.

"आई, हे पीत होतात तुम्ही?"

"जितूनं एवढ्या हौसेनं केलं, त्याला नावं कशी ठेवू?"

दुसऱ्या दिवशी हिरामण मान खाली घालून आला. माळ्यावर पिण्याच्या पाण्याची टाकी बसली, छोटा पंप आला, आणि मला तिथं जोडलं. या वेळी पहिला पेला जितेंद्रनं स्वतः पिऊन पाहिला, मगच आईला दिला. आजींनी तो तळापर्यंत संपवला. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच दिवस सुखाचा.

त्याला तीन वर्षं झाली. आता मी दमले आहे. झाडताना कुणीतरी फ्रिज मागे रेटला, तेव्हापासून मी मुडपले आहे. फ्रिजमधला पाण्याचा फिल्टर कुणी बदललेला नाही. पाणी सुतळीसारखं बारीक येतं. आजी डाव्या हातानं पेला धरून बराच वेळ उभ्या राहतात. नेत्रानं परवा विचारलं, तर म्हणाल्या, "छान येतं."

मित्रांनो, मी बोलू शकत नाही आणि आजी बोलणार नाहीत. तेव्हा घरी गेलात की फ्रिजच्या मागे एकदा डोकावा. आणि आजीला विचारत बसू नका, तिच्या पेल्यातला एक घोट पिऊन बघा.