मोठ्या प्राध्यापकांची फेरी

किनुएने कंगवा पाण्यात बुडवला आणि नवऱ्याचे उरलेसुरले केस घाईघाईने चापून बसवले. इस्पितळाच्या व्हरांड्यातून मोठ्या प्राध्यापकांची, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टरांची, फेरी येत होती; मागे डॉक्टरांची लांबच लांब रांग.

“अगं, मी काय नवरदेव आहे का?” तोकुझो म्हणाले.

“गप्प बसा. द्राक्षमळ्यातनं थेट उठून आल्यासारखे दिसताय.”

तोकुझोंच्या जठरातल्या शिरा फुगल्या होत्या. दोनदा रक्ताची उलटी झाली होती. तिसरी झेपणार नाही, असं तरुण डॉक्टर नागाताने स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून काल त्याने मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेली, टोकाचा फुगा फुगवून रक्ताची वाट अडवली आणि शिरा बुजवायचं औषध आत भरलं. आज दुपारपर्यंत फुगा जागचा हलता कामा नये. पाय वाकवायचा नाही, उठून बसायचं नाही. किनुएला हे पाठ होतं.

पण प्राध्यापक दारात आले आणि तिचा जीव खालीवर झाला. एवढा मोठा माणूस समोर उभा, आणि आपण लोळत पडायचं? छे!

“अहो, साहेब आलेत. थोडं तरी उठा.”

तिचा हात त्यांच्या पाठीखाली गेलाही. तोकुझो उठून बसले आणि कमरेतून खोल वाकले. प्राध्यापकांनी मान हलवली. मागे नागाताने तोंड उघडलं आणि मिटलं. प्राध्यापकांच्या आधी बोलायची तिथे पद्धत नव्हती.

दुपारी तपासलं, तर फुगा सरकलेला. औषध वाहून गेलं होतं, शिरा तशाच होत्या. ते औषध पुन्हा सोसण्याची ताकद मूत्रपिंडांत उरली नव्हती.

प्राध्यापक स्वतः सांगायला आले.

“पेशंटने हालचाल केली. आता करण्यासारखं काही नाही.”

नागाता फरशीकडे बघत राहिला.

“चुकलंच माझं, साहेब,” तोकुझो म्हणाले. “तुम्हाला उगाच त्रास.” आणि त्यांनी उशीवरून मान उचलली.

किनुएने तळहात त्यांच्या कपाळावर ठेवून डोकं खाली दाबलं.

“नाही वाकायचं.”

“अगं, साहेब उभे आहेत...”

“पडून राहा म्हणते ना!”

प्राध्यापक क्षणभर थांबले. आता ही तरी वाकेल, नवऱ्याच्या वतीने माफी मागेल, असं त्यांना वाटलं असावं. किनुएच्या डोळ्यांना धार लागली होती. पण ती काही वाकली नाही.