भट्टी सोडून आलेला राक्षस

"हे कोणाले पटणार नाही, आन पटू बी नये," एवढं सांगूनच भैय्याजींनी चहाचा पहिला घोट घेतला. एका रविवारी, सकाळी नऊ ते दुपारी एक, एवढ्या वेळात त्यांनी अख्खं जग बुडवलं होतं. सेक्टर दोनमधल्या आपल्याच क्वार्टरच्या व्हरांड्यात, सतरंजीवर मांडी घालून.

आता चहाच्या टपरीवर, त्यांच्यासमोरच्या बाकावर चिंधू आणि हिरालाल बसले होते. दोघे रात्रपाळी उतरून आलेले. चिंधूच्या जागी पुढच्या पाळीला येणारा रिलीव्हर दीड तास उशिरा उगवला होता, आणि तो येईपर्यंत जागा सोडता येत नाही, म्हणून चिंधूचे डोळे लाल होते. तरी तो ऐकत होता. भैय्याजींनी काखेतली कागदाची गुंडाळी नीट दाबून धरली आणि सुरुवात केली.

भैय्याजी त्याच पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. भाच्यानं अमेरिकेहून एका खेळाचं पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा पाठवला, तेव्हापासून घरी त्यांनी आणखी एक नकाशा काढायला घेतला. कुठंच नसलेल्या देशाचा. त्यात सात राज्यं, दोन समुद्र आणि एक काचेचा डोंगर. दर रविवारी तिघं जण या देशात हिंडायचे. भट्टीवरचा जुना माणूस दौलतराव तिथं तलवारबहाद्दर होता, स्टोअर्समधला ओमप्रकाश चोर होता आणि त्याची बायको कमलिनी चेटकीण. काय घडलं ते भैय्याजींनी सांगायचं, त्यावर आपण काय करतो ते या तिघांनी सांगायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. खेळ एवढाच. तीन वर्षं चालला.

या तीन वर्षांत भैय्याजींना तिघांची अशी शिसारी बसली होती, की रविवार टळावा म्हणून शनिवारी संध्याकाळपासूनच ते देव पाण्यात ठेवायचे. दौलतराव काकड्या आणायचा. सालासकट कराकरा चावायचा, बिया नकाशावरच्या उत्तर समुद्रात सांडायच्या. मग पायाच्या बोटांची बेचकी खाजवायची आणि त्याच हातानं फासा उचलायचा. ओमप्रकाश तंबाखू मळत राजदरबारात शिरायचा आणि महाराज बोलत असतानाच तुळशीच्या कुंडीत पिचकारी मारून यायचा. कमलिनीबाई शेंगांची टरफलं राणीच्या महालावर रचायच्या. काचेच्या डोंगरावर तर तेलकट अंगठ्याचा एक डाग कायमचा बसला होता. खेळातही तीच तऱ्हा. हजार वर्षं गुहेत जपलेली तलवार हाती लागली, तिच्यावर यांनी बनियनं वाळत घातली. राजकन्या सोडवून आणली, तर दौलतरावानं तिला विचारलं की राजवाड्यात क्वार्टर मिळायचे काही चान्स आहेत का.

तेव्हा भैय्याजींनी ठरवलं. जग जाळायचं. नीट, रुबाबात, एकही शेंग न फुटता. तसं जमलं तर तीन वर्षांना काही अर्थ होता. नाही तर नुसत्या काकडीच्या बिया.

त्यासाठी त्यांनी बारा पानं लिहिली. पाताळातल्या भट्टीवर तीन हजार वर्षं एकटा बसलेला राक्षस वर येतो, सूर्य गिळतो, समुद्र उकळतात, सातही राज्यं राख होतात. त्या रविवारी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वाचायला बसले. चौथ्या पानावर सूर्य काळवंडला. भैय्याजींनी आवाज आणखी खाली उतरवला. समोर दौलतरावानं काकडीचा शेंडा तोडून त्याचा फेस काढला, तो पांढरा फेस बोटानं पुसला, आणि बोट नकाशाला पुसलं.

"एकटा होता का खाली?" दौलतरावानं विचारलं.

एकटाच, भैय्याजी अभिमानानं म्हणाले. तीन हजार वर्षं.

"मंग वर कसा आला? रिलीव्हर आला काय त्याचा?"

भैय्याजींनी पान उलटलं. राक्षसाला रिलीव्हर नसतो, असं त्यांनी सांगून पाहिलं. दौलतराव ऐकेना. बावीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. रिलीव्हर आला नाही म्हणून पोटच्या पोरीच्या साखरपुड्यालाही तो पोचला नव्हता. ओमप्रकाशनं तंबाखू गालात सरकवत मान डोलावली. कमलिनीबाईंनी टरफलं बाजूला सारली आणि जाहीर केलं की आपण मंत्र टाकतो, राक्षसाला फक्त त्याच्या ड्युटीची आठवण करून द्यायची.

"भट्टी उघडी टाकून आला तो, भैय्याजी," दौलतराव म्हणाला. हसत नव्हता. "असं कोणी करते काय?"

इथं भैय्याजींनी हातातली पानं सतरंजीवर आपटली. बारा पानं, धुतलेला सदरा, आणि प्रलय कशापाशी अडला, तर हजेरीपाशी. सगळ्यात वाईट म्हणजे, भट्टी सोडून वर यायला राक्षसाला कोणी सोडलं, हे एकाही पानावर लिहिलेलं नव्हतं. ते स्वतःही कारखान्यातलेच. मग चिडून त्यांनी अट घातली. वीस पडले तर राक्षस परत जाईल. एकानंही कमी पडले, तर जग खतम.

दौलतरावानं ओल्या बोटांनी फासा टाकला. तो उत्तर समुद्रातून बियांवर घसरत गेला, काचेच्या डोंगराला अडला आणि थांबला.

टपरीवर भैय्याजींनी चहाचा आणखी एक घोट घेतला. हिरालालनं बिडी विझू दिली होती.

"किती?" त्यानं विचारलं.

"एक," भैय्याजी ग्लासात बघत म्हणाले.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. सातही राज्यं गेली. कमलिनीबाई पदर डोळ्याला लावून उठल्या. दौलतराव तोंडात काकडी तशीच धरून रडला, आणि ते दृश्य इतकं ओंगळ होतं की भैय्याजींनी नकाशा उचलला आणि शेगडीत घातला. चार वर्षं झाली याला. तेव्हापासून रविवार कसे स्वच्छ जातात.

हिरालालनं हळहळून मान हलवली. चिंधू मात्र रस्त्याकडे बघत होता. आजही रविवारच होता, आणि खुर्सीपार वस्तीकडून दौलतरावाची सायकल येत होती. हँडलला पिशवी, पिशवीतून काकड्यांचे देठ बाहेर. टपरीजवळ त्यानं घंटी वाजवली, नऊ वाजले असं भैय्याजींना खुणावलं, आणि न थांबता सेक्टर दोनकडे वळला.

"भैय्याजी," चिंधू म्हणाला, "वीस पडले होते ना? दौलतराव मले रोज सांगते, राक्षस अजून ड्युटीवरच हाये म्हणून. आन शेगडीत घातलेला नकाशा तुमच्या काखेत काय करून राहिला?"