नीलांबरी सही करत नाही

फॉर्ममधला चौथा रकाना कंपनीच्या नावाचा होता. तो रिकामा सोडला की सगळा फॉर्म लाल होऊन परत यायचा. नीलांबरीनं तीनदा पाठवला, तीनदा परत आला.

अमेरिकेतल्या कॅरी गावात येऊन तिला साडेपाच वर्षं झाली होती. त्याआधी पुण्यात ती एका बँकेत होती. बँकेच्या सिस्टिममध्ये चोर कुठून शिरेल ते चोराच्या आधी शोधून काढायचं, हे तिचं काम. आठ वर्षं तिनं ते जीव लावून केलं. मग नवऱ्याला, रवींद्रला, इथल्या एका औषध कंपनीच्या आयटीत नोकरी लागली आणि ती त्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधून इथं आली. त्या व्हिसावर इथं राहता येतं, गाडी चालवता येते, मुलीच्या शाळेत फुकट मदत करता येते. पगाराचं काम तेवढं करता येत नाही.

ते साल २००८. ऑक्टोबर महिना, मंदीचे दिवस. कंपन्यांनी विमानाची तिकिटं बंद केली होती, म्हणून ही सिक्युरिटी कॉन्फरन्स पहिल्यांदाच पूर्ण ऑनलाइन भरणार होती. प्रवेशही फुकट होता. साडेपाच वर्षांत तिला परवडेल आणि चालेल अशी ही पहिलीच.

"माझ्या कंपनीचं नाव टाक ना," रवींद्र म्हणाला.

"मी तुझ्या कंपनीत नाही."

"अगं, कोण बघतंय?"

"सिक्युरिटीची कॉन्फरन्स आहे, रवी. बघायलाच बसलेत तिथे."

तिनं कंपनीच्या रकान्यात स्वतःचंच नाव घातलं. हुद्दा विचारला, तिथे लिहिलं, प्रमुख. फॉर्म निमूट पुढं गेला.

त्याच वेळी फोनवर अल्फारेटाहून नेत्रा हसत होती. नेत्रा तिची पुण्याच्या बँकेतली मैत्रीण, आता अटलांटाच्या बाजूला नोकरी करणारी. दोघी एकदमच फॉर्म भरत होत्या. नेत्रानं मात्र एक खूण आठवणीनं केली : माझा फोन आणि पत्ता कुणालाही दाखवू नये. आदल्या वर्षी अशाच एका परिषदेत तिनं एका गृहस्थाला व्हिजिटिंग कार्ड दिलं होतं. पुढचे चार महिने तो माणूस तिला फोन करत राहिला, आणि एकदा संध्याकाळी घराबाहेर गाडी लावून बसला. नेत्रानं नंबर बदलला, घरही बदललं.

बुधवारी सकाळी नऊला कॉन्फरन्स उघडली. पडद्यावर चित्रातला मोठा हॉल, त्यात कंपन्यांचे स्टॉल, एका बाजूला गप्पांची खोली. त्या खोलीत प्रत्येकाचं एक कार्ड. कार्डावर टिचकी मारायची, बोलायला सुरुवात करायची. नीलांबरी उत्साहानं शिरली. पहिल्यानं विचारलं, कुठल्या कंपनीत? तिनं खरं ते सांगितलं. तो 'नाइस टु मीट यू' म्हणून गेला. दुसराही गेला. तिसऱ्यानं तेवढंही म्हटलं नाही.

"एकेक करून उठून चाललेत गं," ती नेत्राला फोनवर म्हणाली. "मांडवात बसलेय आणि पंगत उठतेय असं झालंय."

असं म्हणत तिनं स्वतःचं कार्ड उघडलं, काही चुकलंय का बघायला. आणि तिची नजर वर, पानाच्या पत्त्यावर गेली. पत्त्याच्या शेवटी आकडा होता, ४१७२. साधा, उघडा, एकापुढे एक येणारा आकडा. आठ वर्षांची सवय अशी जात नाही. आकडा बदलला तर दुसऱ्याचं कार्ड उघडेल का, हा प्रश्न तिला लगेच पडला.

"नेत्रा, तू माझ्या मागोमाग फॉर्म भरलास ना? तुझा आकडा ४१७३ असेल. मी ते पान उघडून बघू का? तू हो म्हणालीस तरच."

"बघ की."

तिनं दोनाच्या जागी तीन टाकला. नेत्राचं कार्ड उघडलं. नाव, कंपनी, नवा मोबाइल नंबर आणि खाली नव्या घराचा पत्ता, रस्ता आणि घरक्रमांकासकट.

नीलांबरीनं तो मोठ्यानं वाचला.

"तो माणूस," नेत्रा म्हणाली, "आज इथे आहे, नीला. सकाळीच त्याचं नाव दिसलं मला यादीत."

नीलांबरीनं तिसरा आकडा टाकला नाही. टाकायची गरजही नव्हती. दोन दारांना एकच किल्ली लागत असेल, तर सगळ्या आळीची कुलपं तसलीच. तिनं मदतकक्षाला कळवलं. उत्तर आलं, 'तुमच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' मग तिनं सविस्तर पत्र लिहिलं : काय दिसलं, कसं दिसलं, कुणाच्या परवानगीनं पाहिलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत गप्पांची खोली ताबडतोब बंद करा.

दोन तासांनी उत्तर आलं. आयोजकांच्या व्यवस्थापक पॅट्रिशिया हॉलब्रुक यांचं. सोबत एक कागद जोडलेला. त्यावर लिहिलं होतं की, मी दुसऱ्या व्यक्तीची माहिती अनधिकृतपणे मिळवली हे मला मान्य आहे, आणि याबद्दल मी कुठेही बोलणार नाही. पाच वाजेपर्यंत सही करून पाठवा, नाही तर नोंदणी रद्द होईल आणि प्रकरण योग्य त्या अधिकाऱ्यांकडे जाईल.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. खोली मात्र चालूच होती. तिथे आता सहाशे माणसं गप्पा मारत होती.

तिनं रवींद्रला फोन केला. तो पंचवीस मिनिटांत घरी आला. कागद वाचून त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"सही कर," तो म्हणाला.

"काय?"

"सही कर आणि विषय संपव. नीला, आपलं ग्रीन कार्ड लाइनीत आहे. तिथे फॉर्ममध्ये विचारतात, कधी काही गुन्हा, कधी काही चौकशी. एक मेल गेला कुठे तर? इतकी वर्षं पाण्यात जातील, यार."

"यात लिहिलंय मी गुन्हा केला. ह्यावर सही केली तर फॉर्ममध्ये काय लिहायचं? सही नाही केली तर त्यांच्याकडे नुसती धमकी आहे. केली तर माझ्या हातचा कबुलीजबाब."

हे रवींद्रच्या लक्षात आलं नव्हतं. पण भीती अशी वाद हरून जात नाही.

"मग माफी माग नुसती. मला खरंच कळलं नाही म्हण."

"मला कळलं, रवी! तेच तर! या अख्ख्या चार हजारांत मला कळलं!" तिचा आवाज चढला तसा तिचा तिलाच नवा वाटला. "साडेपाच वर्षं मी सगळ्या फॉर्मवर 'गृहिणी' लिहिते. लिहिते ना? कधी तक्रार केली? पण मला कळत नाही असं मी लिहून देणार नाही. कुणालाच."

तेवढ्यात निधी शाळेच्या बसमधून उतरून आत आली. नऊ वर्षांची. दोघांकडं बघून म्हणाली, "आई, आर यू इन ट्रबल?"

"थोडीशी. जा, हातपाय धू."

नीलांबरीनं पॅट्रिशिया हॉलब्रुकबाईंचा नंबर शोधला आणि रवींद्रच्या समोरच फिरवला. फोन स्पीकरवर ठेवला.

"तुम्ही नेमक्या कुठे काम करता?" बाईंनी नाव ऐकल्याऐकल्या विचारलं.

"कुठेच नाही."

"मग तुम्हाला आमच्या सिस्टिममध्ये शिरायला कुणी सांगितलं?"

"शिरले नाही. तुम्ही दार उघडं टाकलं होतं, ते उघडं आहे असं मी तुम्हाला सांगितलं. जिचं कार्ड पाहिलं तिची परवानगी होती, ती लेखी द्यायला तयार आहे. तिनं माहिती लपवा अशी खूण केली होती. ती तुम्ही का पाळली नाही?"

"मॅडम, पाच वाजेपर्यंत कागद आला नाही तर..."

"नाही येणार," नीलांबरी म्हणाली. "वाट बघू नका. तेवढ्या वेळात खोली बंद करा."

तिनं फोन ठेवला. रवींद्रनं पाण्याचा ग्लास पुढं केला.

चार वाजता त्या दिवसाची शेवटची चर्चा होती. विषय, 'दोष सापडला तर तो जबाबदारीनं कसा कळवावा'. नीलांबरीला हसूच आलं. तीन तज्ज्ञ बोलत होते. ऐकणाऱ्यांनी प्रश्न टाइप करायचे, सूत्रसंचालक निवडून घेणार, पण यादी मात्र सगळ्यांना दिसत होती. तिनं दोष कुठला ते लिहिलं नाही, कारण ते लिहिलं असतं तर नेत्राच्या मागे लागलेल्या माणसाच्या हाती तिनंच किल्ली दिली असती. लिहिलं एवढंच : "आज सकाळी मी याच कॉन्फरन्समधला एक गंभीर दोष आयोजकांना कळवला. दोष अजून तसाच आहे. मला मात्र गुन्हा कबूल करणाऱ्या कागदावर पाच वाजेपर्यंत सही करायला सांगितली आहे. मी काय करावं असं आपलं मत आहे?" आणि खाली पूर्ण नाव.

सूत्रसंचालकानं तिच्या वरचा प्रश्न घेतला. मग तिच्या खालचा. मग एकाएकी पडदा पांढरा झाला. आपली नोंदणी रद्द करण्यात आली आहे.

"नेत्रा!" तिनं फोन उचलला. "मला काढलं. तिथे काय चाललंय?"

"थांब, थांब." नेत्राचा आवाज धापा टाकत होता. "तुझा प्रश्न यादीतून गेला. पण त्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यानं, बर्नार्ड नाव आहे, त्यानं आधीच वाचलाय. तो म्हणतोय, आत्ता इथे एक प्रश्न होता, तो कुठे गेला? ...सूत्रसंचालक म्हणतोय, वेळ कमी आहे... म्हातारा म्हणतोय, मला भरपूर वेळ आहे. अगं, तो प्रश्न पाठ म्हणून दाखवतोय!"

"पुढे?"

"म्हणतोय, ह्या बाईंनी सही करू नये. आणि आयोजकांनी उत्तर दिल्याशिवाय मी हा कॅमेरा बंद करणार नाही. नीला, खाली धडाधड लिहितायत लोक. कुठला दोष, कुठला दोष. शंभरेक तरी असतील. मी पण लिहिलं, माझंच कार्ड होतं ते म्हणून."

"नावानिशी?"

"नावानिशी. लपून लपून किती राहू?"

पाचला दहा मिनिटं असताना गप्पांची खोली बंद झाली. नेत्रानं सांगितल्यावर रवींद्रनं स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर अंग टाकलं आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पाच वाजले. सव्वापाच झाले. कुणाचा फोन आला नाही.

गुरुवारी सकाळी पत्र आलं. कागदावर सही करण्याची आवश्यकता आता उरलेली नाही. नोंदणी सौजन्य म्हणून पुन्हा सुरू केली आहे. दोष दुरुस्त झाला आहे, आणि 'एका जागरूक सहभागी व्यक्ती'चे आभार मानण्याचा आमचा विचार आहे.

नीलांबरी उत्तर लिहायला बसली. रवींद्र ऑफिसला निघाला होता. किल्ल्या हातात घेऊन तिच्या खांद्यामागं उभा राहिला. तिनं लिहिलं होतं : ज्या चार हजार लोकांची माहिती उघडी होती, त्या प्रत्येकाला कृपया कळवावं. कागद मागं घेतल्याचं कृपया लेखी द्यावं. आणि आभार मानायचे असतील तर कृपया नावानं मानावेत.

ती वाट बघत होती, आता हा म्हणेल जरा सॉफ्ट कर.

"कृपया तीनदा आलंय," तो म्हणाला. "काढ तिन्ही."

तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं. तो किल्ल्यांकडं बघत होता. "काल मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "आजही आहे थोडा. पण काढ."

तिनं तिन्ही काढले.

शुक्रवारी दुपारी सगळ्या सहभागींना पत्र गेलं. दोष काय होता, किती वेळ होता, कुणाची काय माहिती दिसू शकत होती, सगळं कबूल केलं होतं. हॉलब्रुकबाईंनी कागद मागं घेतल्याचं वेगळं लेखी पाठवलं. नेत्रानं त्या माणसाबद्दल आपल्या गावच्या पोलिसांत जाऊन रीतसर तक्रार दिली, वर्षभर टाळलेली. आणि पत्राच्या शेवटी आभार होते, नावानं. फक्त नाव 'नेलंब्री' असं छापलं होतं.

संध्याकाळी रवींद्रनं ते वाचलं आणि खो खो हसला. "झालं ना सगळं मनासारखं. आता एवढं जाऊ दे."

"का जाऊ दे?" नीलांबरी म्हणाली, आणि तिनं कीबोर्ड जवळ ओढला.