दोनदा तेल प्यायलेली मोटारसायकल

माझ्या अंगावरचा चिखल पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. तो मी कमावलेला आहे. मी एक जुनी मोटारसायकल आहे, पण डांबरी रस्त्यावरून ऐटीत जाणाऱ्यांतली नव्हे. माझी चाके उंच, टायरांना मोठाले दात, आणि सायलेन्सर दगडावर आपटू नये म्हणून सीटच्या बाजूने वर वळवलेला. ओढे, खडक आणि निसरडे चढ यांच्यासाठीच मला घडवले गेले. आरसे, इंडिकेटर वगैरे नट्टापट्टा माझ्या वाट्याला कधी आलाच नाही, आणि त्याचे मला काही वाटतही नाही.

कारखान्यातले दिवस आता पुसट झाले आहेत. एका बाईने माझ्या चाकांच्या तारा एकेक करून ताणल्या, नखाने टिचकी मारून त्यांचा आवाज ऐकला आणि समाधान झाल्यावरच मला पुढे ढकलले, एवढे मात्र आठवते. इतके लक्ष देऊन माझे काम झाले, याचा मला अजून अभिमान वाटतो.

माझा पहिला मालक टेलिफोन खात्यात लाइनमन होता. वादळात खांब कलले, तारा तुटल्या, की तो तारेचे भेंडोळे खांद्यावर टाकून मला किक मारायचा आणि आम्ही डोंगराकडे निघायचो. सुटीच्या दिवशी मात्र तो मला शर्यतीला न्यायचा. ही शर्यत नुसती पळण्याची नसते. डोंगरातून आखलेली लांबलचक वाट, मध्ये चौक्या, आणि प्रत्येक चौकी ठरलेल्या वेळेत गाठायची. त्यात एक नियम फार कडक. वाटेत गाडी बिघडली तर ती चालवणाऱ्यानेच दुरुस्त करायची. दुसऱ्या कोणाचा हात लागला, की गाडी बाद. लाइनमनला हा नियम भारी आवडायचा. खांबावर चढल्यावर तरी कोण येतो मदतीला, असे तो म्हणायचा.

त्याची धाकटी लेक अंगणात माझ्या टाकीवर बसून हँडल धरायची आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची. तो आवाज माझ्यापेक्षा मोठा असे. माझे इंजिन टू-स्ट्रोक आहे, म्हणजे माझ्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. तेल कमी पडले तर आतला पिस्टन घासून अडकतो, आणि जास्त झाले तर ठिणगी पाडणारा प्लग काळा पडून बसतो. टाकीच्या झाकणाला आतून एक छोटी वाटी आहे, ती तेलाच्या मापाची. बाप त्या वाटीने तेल ओतायचा आणि लेक मला डावी-उजवीकडे हलवून ते मिसळायची.

पुढे लाइनमनचे गुडघे गेले आणि काही वर्षांनी तोही गेला. त्याच्या थोरल्या मुलाचे हॉटेल होते. त्याने मला हॉटेलामागच्या गोदामात नेऊन ठेवले. माझ्या अंगावर रिकामी खोकी आली, मोडक्या खुर्च्या आल्या. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला. मी रुसले नव्हते असे म्हणाले तर ते खोटे ठरेल. वर्षानुवर्षे एकाही माणसाने माझ्या किकवर पाय ठेवला नाही.

मग एक दिवस ती लेक खुर्च्या न्यायला गोदामात आली. आता ती मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवायची. सोबत तिचा नवरा होता, शिलाई मशिनी दुरुस्त करणारा. खोकी बाजूला झाली आणि ती मला पाहून तिथेच खाली बसली. नवरा मात्र माझ्याभोवती फिरला, वाकला, बोटाने धूळ पुसत म्हणाला, "हिचा एकही नट कोणी वेडावाकडा खोललेला नाही. चालू होईल ही."

"दादा, मी नेऊ का हिला?" लेकीने भावाला विचारले.

दादा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "ने. पण बाबांची गाडी आहे. तुझ्या घरी जाऊन पुन्हा कोपऱ्यात गंजायला नको. डोंगरातल्या शर्यतीत पूर्ण वाट चालवून दाखव, तर कायमची तुझी. नाही जमलं तर माझ्या हॉटेलच्या दारात उभी करीन. निदान रोज पुसली तरी जाईल."

रोज पुसले जाणे म्हणजे काय, ते मला ठाऊक होते. पेट्रोल काढून टाकायचे, हँडलला कुंड्या टांगायच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टेकून फोटो काढायचे. 

मित्रांनो, त्या नवऱ्याने माझ्यासाठी काय नाही केले? अडकलेल्या पिस्टनवर पातळ तेल सोडून तो दिवसच्या दिवस थांबला. जबरदस्ती केली नाही. टाकीत मूठभर बारीक खडे घालून ती खुळखुळवली, तेव्हा आतला गंज निघाला. कार्बोरेटरचे बारीक छिद्र सुईने कोरले तर मोठे होते, म्हणून त्याने तारेचा मऊ तंतू वापरला. सीटचे कव्हर स्वतःच्या मशिनवर शिवले. रंग देऊन झाल्यावर माझ्यावर कोणाचे बोट उमटले, की तो लगेच फडका घेऊन यायचा.

त्याचे फक्त एक चुकत होते. बायकोने पाना उचलला, की तो म्हणायचा, "राहू दे गं, मी करतो. तुझे हात कशाला काळे करतेस?" आणि ती पाना त्याच्या हातात द्यायची. दगडाच्या जुन्या खाणीत ती मला मनसोक्त पळवायची. खड्ड्यांतून, चढांवरून, अगदी बापासारखी. पण माझ्यात काय कुठे आहे, ते तिला माहीत नव्हते. आणि तो, ज्याला माझा नटन् नट पाठ, तो कधी सायकलच्या पुढे गेला नव्हता. मोटारसायकलवरून पडायची त्याला भीती वाटायची.

शर्यतीचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने तेल मिसळलेले पेट्रोल माझ्या टाकीत भरून ठेवले होते. हे त्याचे नेहमीचे काम, त्यात सांगायचे काय? सकाळी तो चहा आणायला गेला, तेव्हा लेक माझ्यापाशी आली. तिने झाकण उघडले, बापासारखी वाटी भरभरून तेल ओतले आणि मला प्रेमाने डावी-उजवीकडे हलवले. बापाच्या गाडीला आज तरी आपल्या हाताने तेल द्यावे, असे तिला वाटले असणार. मी काय करणार? मला तोंड नाही. सुरू झाल्यावर मी धुराचे लोट काढून जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले.

"म्हातारी खोकतेय," शेजारचा स्पर्धक म्हणाला.

"वय झालंय हो तिचं," लेक म्हणाली आणि तिने क्लच सोडला.

पहिली चौकी आम्ही आरामात गाठली. ओढा ओलांडला. पुढे खडकाळ चढ होता आणि त्याच्या कडेने प्रेक्षकांसाठी दोरी बांधली होती. तिथे नवरा आणि दादा उभे होते. नेमकी त्यांच्यासमोर येऊन मी फटफट केले आणि बंद पडले. लेकीने किक मारली, पुन्हा मारली, घामाघूम झाली. नवऱ्याचा एक पाय दोरीच्या आत पडलासुद्धा. तेवढ्यात दादाने मागून त्याची कॉलर पकडली.

"जावईबापू, हात लावलात तर ती बाद. मग गाडी माझी होईल."

खरे म्हणजे दादाला गप्प राहता आले असते. त्याने कॉलर सोडली नाही, हे मी विसरणार नाही.

झेंडा घेऊन उभ्या असलेल्या पंच बाईंना लेकीने विचारले, "यांनी तिथून नुसतं सांगितलं तर चालेल?"

"हाताला बंदी आहे, तोंडाला नाही," पंच बाई म्हणाल्या.

पण तिथेच तर घोडे अडले. नवऱ्याचे सगळे ज्ञान हातात होते, तोंडात नव्हते. "प्लग काढ. तो पाना घे ना, तो... तो नाही गं, दुसरा. आणि असा फिरव. असा," म्हणत तो हवेत हात फिरवू लागला.

"अहो, हातवारे नकोत. डावीकडे की उजवीकडे?" रोज शिकाऊ लोकांना तोंडानेच गाडी शिकवणारी ती, तिला असे चालत नव्हते.

त्याने डोळे मिटले, रिकाम्या हातात पाना धरल्यासारखी मूठ वळवली आणि मग म्हणाला, "डावीकडे."

प्लग निघाला. लेकीची बोटे माझ्या गरम इंजिनाला पोळली, तरी ती मागे सरली नाही.

"कसा दिसतोय?" त्याने विचारले.

"काळाकुट्ट. तेल निथळतंय."

"तेल? मी तर मापात घातलं होतं."

"तुम्ही घातलं होतं?" ती थबकली. "मग सकाळी मी काय घातलं?"

 दादाला हसू आवरेना, आणि पंच बाईंनी झेंड्याआड तोंड लपवले.

"हत्यारांच्या पिशवीत नवा प्लग आहे," नवरा म्हणाला. आता त्याचा आवाज शांत होता आणि हात खाली होते. "आधी नुसत्या बोटांनी बसव. अलगद फिरला पाहिजे. अडला तर काढ आणि परत लाव. पाना शेवटी."

ती तसेच करत गेली. एकदा अडला, तिने काढला, परत लावला. मागून येणाऱ्या गाड्या तिला ओलांडून जात होत्या. तिने तिकडे पाहिले नाही. मग तिने किक मारली, आणि मित्रांनो, मी माझ्या परीने जीव तोडून सुरू झाले. पुढच्या चौकीवर तिने आपल्या हाताने बिनतेलाचे पेट्रोल ओतले, तेव्हा कुठे माझा धूर विरळ झाला. शेवटच्या चौकीत आम्ही वेळ संपता संपता शिरलो. नंबर विचारू नका, तो फार मागचा होता.

दादाने माझ्या टाकीवर हात ठेवला आणि बहिणीला म्हणाला, "बाबा असते तर तुला खूप ओरडले असते."

"हो ना," ती म्हणाली, आणि रडू लागली. तोही डोळे पुसत होता. मी त्याच दिवशी कायमची तिची झाले.

आता आमच्या घरची रीत पालटली आहे. नवरा स्टुलावर बसून सांगतो आणि ती पाना चालवते. कधी नट उलटा लावते, तरी तो उठत नाही. त्याला किती जड जाते, ते मला दिसते. आणि परवा तोच तिला म्हणाला, "मला शिकवशील ही चालवायला?"

खाणीच्या मोकळ्या जागेत ती शेजारून चालत होती आणि तो माझ्यावर बसला होता, अंग काठीसारखे ताठ करून. "क्लच हळू. आणखी हळू," ती सांगत होती. त्याने मला कितीदा बंद पाडले असेल, विचारू नका. शेवटी मी थोडी पुढे गेले, डुलले, आणि आम्ही दोघे आडवे झालो. माझ्या नव्या रंगवलेल्या मडगार्डला दगडावर घासून चांगलाच पोचा पडला.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर तिला पुसा, तेल द्या, पण तिला तिचे काम करू द्या. आणि ज्याच्या हातात ती द्याल, त्याला ती खोलायलाही शिकवा. त्याचे हात काळे होतील, होऊ द्या.

नवरा उठला. माझ्यावर उमटलेले बोट ज्याला खपत नव्हते, त्या माणसाने मडगार्डकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने मला उभी केली, किकवर पाय ठेवला आणि बायकोला म्हणाला, "तू जरा बाजूला हो. आता मला एकट्याला जाऊ दे."