डाव्या दाराचं बीडिंग

गेल्या गुरुवारी दवाखान्याच्या रांगेत सासूबाई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे कपडे मागून ओलेचिंब होते. गाडीच्या मागच्या डाव्या दारातून पावसाचं पाणी आत आलं होतं, सीटमध्ये मुरलं होतं आणि पाऊण तासाच्या वाटेत गुपचूप वर आलं होतं. रांगेतल्या एका भल्या माणसाने नर्सला खूण केली. नर्सने अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, बाथरूमला जायचं राहिलं का?"

सासूबाई नर्सच्या मागून आत गेल्या. खुब्याच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम मुकाट्याने करून घेतला. घरी आल्यावर मात्र कपडे बदलायच्याही आधी लेकीला फोन लावला.

"रविवारी ये आणि मला घेऊन जा. हो, कायमची. एवढं आयुष्य गेलं, असलं कोणी विचारलं नव्हतं मला."

त्यांच्या सुनेने, टेलरबाईने, ते आतल्या खोलीतून ऐकलं. गल्लीत सगळे तिला टेलरबाईच म्हणत. दर्शनी खोलीत तिचं मशीन होतं आणि तीस वर्षं ते चालू होतं. नवरा जाऊन चार महिने झाले होते. गाडी तिला चालवता येत होती, फक्त तो असताना कधी चालवायची वेळ आली नव्हती.

आणि तो असताना ह्या दाराने कधी तक्रार केली नव्हती. का, ते आता कळलं. पावसापाण्याचं निघायचं असलं की तो दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक जुना टॉवेल घडी करून खुपसायचा. कोणाला सांगायचा नाही. तो गेल्यावर गाडी आवरताना तिला त्याच कोपऱ्यात तो मळका टॉवेल सापडला, तिने तो धुतला, इस्त्री केली आणि कपाटात ठेवून दिला.

हे ध्यानात आलं तेव्हा तिला वाईट वाटलं का? सांगता आलं नसतं. सकाळची प्रार्थना ती एक दिवसही चुकवत नव्हती, पण शब्द ओठांवरून पुढे जात आणि आत काही हलत नसे. देवाला हे ठाऊक असणार असं धरून ती रोज म्हणायची. तसंच स्वयंपाकाचं, तसंच शिवणाचं. सासूबाईंनी राहावं की जावं, हेही तिला मनापासून असं काही वाटत नव्हतं. एवढंच दिसत होतं, की त्या गेल्या तर ह्या घरात तिला 'अगं' म्हणणारं कोणी उरणार नाही.

गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या शनिवारी आणा. पुढच्या शनिवारपर्यंत सासूबाई राहणार नव्हत्या. तेव्हा शुक्रवारी दुपारी तिने स्वतःच दाराचं जुनं बीडिंग ओढून काढलं. दाराच्या चौकटीला पत्र्याची कड असते, तिच्यावर हे रबर चढवलेलं असतं. काढताना ते ठिकठिकाणी तुटलं, आतल्या पत्र्याच्या कड्या गंजलेल्या होत्या. एक तुकडा हातात घेऊन ती स्पेअर पार्टच्या दुकानात गेली.

दुकानदाराने तुकडा वाकवून बघितला. "मिळेल. बसवणार कोण?"

"मी."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग ऐका, ताई. आधी बसवायचं, मग कापायचं. आणि ताणायचं नाही."

तिने मान डोलावली. पहिल्या धुण्यात रंग जाईल म्हटल्यावर तिची गिऱ्हाइकं डोलावतात, तशीच.

घरी येऊन तिने जुने तुकडे अंगणात ओळीने टोकाला टोक लावून मांडले आणि शेजारी नवं रबर ठेवलं. कापडाच्या कामात दुसरी रीत नाही. माणूस जुना सदरा आणून देतो, त्यावरून नवा बेततात. तिने खडूने खूण केली, दोनदा मोजली आणि रबरात पत्रा असल्यामुळे कात्रीऐवजी करवतीने कापलं. काप इतका सरळ आला की तिलाच बरं वाटलं.

सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. वॉकर बाजूला, आणि उंबऱ्याच्या आत त्यांची भरलेली बॅग.

टेलरबाईने चौकटीची कड साबणाच्या पाण्याने पुसली, कोरडी केली, आणि सांधा खाली यावा म्हणून चौकटीच्या खालच्या कडेच्या मधोमध सुरुवात करून रबर तळव्याने दाबत वर नेलं. वरचा कोपरा वळवून, पुढून खाली उतरून परत सांध्याशी आली, तर चार बोटं कमी. तिने ओढलं. इलॅस्टिक ताणूनच शिवायचं असतं, हे तिच्या हातांना सांगावं लागत नव्हतं. दोन्ही टोकं भेटली. दार लोटलं, ते दणकून लागलं.

"लागलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"लागलं, आई."

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

शनिवारी सकाळी दार उघडून बघितलं, तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांत रबर कड सोडून धनुष्यासारखं आडवं ताणलेलं, आणि खाली सांध्यात बोटभर फट. ते रात्रभरात आपल्या मूळ लांबीला गेलं होतं. ती बघत उभी राहिली. रागही आला नाही. सासूबाई वॉकर टेकत टेकत मागून आल्या.

"आखूड झालं."

"जुन्याच्या मापाने बेतलं होतं."

"आणि ते जुनं किती वर्षांचं?"

"अकरा."

"अकरा वर्षं उन्हात उभं राहिल्यावर आटणार नाही का ते? माझीच उंची बघ किती कमी झालीय. उद्या माझ्या मापाचा सदरा बेतशील कोणा तरण्या पोरीला!"

टेलरबाई परत दुकानात गेली. दुकानदाराने काही विचारायच्या आत तिच्या तोंडाकडे बघून गुंडाळी खाली काढली.

"कापलंत ना आधी?"

"कापलं."

"आणि ताणलंत."

"हो."

"टेलर ना तुम्ही? तुमच्या मिस्टरांनी सांगितलं होतं एकदा. ह्याच दाराचं विचारायला आले होते. तीनदा येऊन गेले. दर वेळी म्हणायचे, सवडीने नेतो." त्याने लांबी मोजली, हातभर जास्त घेतली. "आता येत नाहीत बरेच दिवस."

"नाही," ती म्हणाली. "आता मीच येते."

दुकानदाराचा हात थांबला. त्याला कळलं असावं. त्याने गुंडाळी बांधताना एकाच्या जागी दोन गाठी मारल्या. तिला मात्र इतकंच जाणवलं की गुंडाळी कालच्यापेक्षा जड आहे.

ह्या वेळी सासूबाईंनी खुर्ची थेट गाडीशी नेऊन मांडायला लावली. "गुंडाळी माझ्या मांडीवर दे. तू एकटी एका हाताने धरतेस आणि दुसऱ्याने दाबतेस, म्हणून ओढलं जातं. मी सोडत जाते."

"तुम्हाला त्रास होईल, आई."

"खुबा मोडलाय माझा, हात नाही."

मग ते काम चाललं. सासूबाई वीतभर सोडायच्या, ती वीतभर दाबायची. कोपऱ्यावर आली की त्या आपणहून दोन बोटं जास्त द्यायच्या आणि ती ते आत रेटून बसवायची. दोघींमध्ये बोलणं एवढंच.

"घे."

"हं."

"घेतलंस का?"

"घेतलं."

चार महिन्यांत त्या दोघींनी एकत्र असं काही केलं नव्हतं. एकीने ताट वाढायचं, दुसरीने जेवायचं. टेलरबाईचे अंगठे दाबून दाबून बधिर झाले, आणि मशीनवर सुई टोचली तरी ती हल्ली हात मागे घ्यायला उशीर करायची, त्यामुळे ते तिला फार वेगळं वाटलं नाही. सांध्याशी आल्यावर उरलेलं रबर तिने त्या जागीच धरून कापलं. टोकं न ओढता एकमेकांना टेकली.

"झालं?"

"थांबा." तिने शिवणाचा पांढरा खडू आणला आणि रबरावर सगळीकडून घासला. दार बंद केलं, उघडलं. दाराच्या आतल्या कडेवर खडूची रेघ उमटली होती. जिथे रबर टेकतं तिथे रेघ, जिथे टेकत नाही तिथे काही नाही. वरच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर कोरं होतं. नेमकं टॉवेलाच्या जागी. तिने फडकं ठेवून हातोडीच्या दांड्याने तिथलं रबर ठोकत ठोकत आत बसवलं, पुन्हा खडू लावला, पुन्हा दार लोटलं. आता रेघ कुठेही तुटली नव्हती.

"रेघ राहू दे बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "रांगेत रेघ उभी राहत नाही, मी राहते. मी आत बसते, तू पाणी सोड. आलं तर बॅग भरलेलीच आहे."

त्यांना आत बसवून तिने दार लावलं. नळाला पाइप जोडला आणि टपावर, काचेवर, वरच्या कोपऱ्यावर पाणी सोडलं. पत्र्यावर आवाज मोठा होत होता. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याआडून तिला दिसलं, सासूबाईंचं तोंड उघडलं आहे. गळतंय, हाक मारतायत, म्हणून ती नळाकडे वळली. मग थांबली. सासूबाई दाराकडे बघतच नव्हत्या. त्यांनी पुढे वाकून ड्रायव्हरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, कपाळ तिथे टेकलं होतं, आणि तोंड परत उघडत होतं, मिटत होतं. आवाज एकही बाहेर येत नव्हता.

मुलगा गेला त्या दिवसापासून त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं. लेकीनेही नाही.

टेलरबाईने नळ बंद केला नाही. वरचा कोपरा तिने दुसऱ्यांदा भिजवला, मग तिसऱ्यांदा. खालचा सांधा भिजवला. आपल्यालाही काही होतंय का, म्हणून क्षणभर वाट पाहिली. काही झालं नाही. पाइप धरलेला हात गार पडला, एवढंच. मग ती मागच्या काचेकडे गेली, तिथे तर काहीच बदललेलं नव्हतं, तीही भिजवली.

शेजारीण पिशवी घेऊन चालली होती. "टेलरबाई, गाडी धुताय की विरघळवताय?"

"धुतेय," ती म्हणाली आणि शेजारीण व काच यांच्यामध्ये उभी राहिली.

बऱ्याच वेळाने आतून काचेवर टकटक झाली. तिने नळ बंद करून दार उघडलं. सासूबाईंनी सीटवरून तळवा फिरवला, पायाखालच्या चटईवर फिरवला, आणि दाखवला.

"कोरडं आहे."

चेहरा तेवढा ओला होता. त्याचा दोष दोघींनीही दाराला दिला नाही. टेलरबाई आत जाऊन कपाटातला इस्त्रीचा टॉवेल घेऊन आली आणि पुढे केला. सासूबाईंनी तो उलगडला, कोपऱ्यातला न गेलेला काळा डाग बघितला, बोटाने चाचपला आणि मग तोंड पुसलं.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. टेलरबाई मशीनवर होती. तिने पायडल थांबवलं.

"उद्या ये ना," सासूबाई फोनवर सांगत होत्या. "जेवायलाच ये. नाही गं, न्यायला नको. गुरुवारी मला दवाखाना आहे, आणि इथली गाडी बरी आहे." मग पलीकडचं थोडं ऐकून म्हणाल्या, "ती? ती आहे ना. शिवतेय."

फोन ठेवून त्यांनी वॉकर ओढला आणि उंबऱ्याशी जाऊन बॅगेची चेन उघडली. सगळं काही काढलं नाही. चपलांचा जोड काढला, तो पायात घातला आणि बॅग तशीच ठेवली.

"अगं," त्यांनी हाक मारली. "गुरुवारी किती वाजता निघायचं?"

"साडेआठला, आई."

"सव्वाआठला निघू. रांग असते."

"बरं," टेलरबाई म्हणाली. आखूड कापलेल्या रबराचा एक तुकडा तिने मशीनच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला, आणि राहिलेली शिवण पुढे घेतली.