हिरव्या ठिपक्यानं माझी लेक खाल्ली

मित्रांनो, वडीलधाऱ्यांच्या पुढून चालताना खाली मान घालून फोनमध्ये बघणाऱ्या आणि मग धडकून वर त्यांनाच "बाजूला हो ना गं म्हातारे" म्हणणाऱ्या माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्याकडे त्याला वारिओ म्हणतात.

मी एक जुनी सांडणी आहे. चल्बीच्या खारट मैदानाकाठी, गाब्रा या भटक्या उंटपाळ लोकांच्या कळपात जन्मले. तिसऱ्या महिन्यात माझ्या मानेवर तापल्या लोखंडानं कुळाची खूण उठवली. पहिल्या दुष्काळात माझी आई बसली ती उठली नाही, आणि गिधाडांनी ती मरायचीही वाट बघितली नाही. माझ्यावर आलेल्या तरसाचा जबडा मात्र मी एका लाथेत मोडला. शिक्षण म्हणाल, तर फिरत्या शाळेचा फळा दोन उन्हाळे पाठीवरून वाहिला, तेवढंच.

बावीस वर्षं मी माझ्या मालकिणीचं, तलासोचं, घर वाहिलं. काठ्या, चटया, कातडी, दुधाची भांडी, सगळं माझ्या पाठीवर. मी जिथं बसायचे तिथं घर उभं राहायचं. "ही आहे म्हणून आम्ही आहोत," असं तलासो चारचौघांत म्हणायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तळ हलवायचा तर आमच्यात एक रीत आहे. आधी एकजण पायी पुढं जातो. गवत ओंजळीत घेतो, माती उकरतो, वाटेत कुणाच्या जनावरांची लीद पडलीय ते बघतो. परत येऊन जे पाहिलं तेवढंच सांगतो, मीठमसाला न लावता. हे काम तलासोच्या थोरल्याचं, तुमालचं. धाकटा वारिओ.

मग गावात एक कचेरीतली मुलगी आली. आभाळात यंत्राचा डोळा फिरतो, म्हणाली. तो दर काही दिवसांनी जमिनीचे फोटो काढतो. कुठं किती हिरवळ आहे, दरवर्षीपेक्षा लवकर सुकली की उशिरा, पाऊस हटल्यावर काय झालं, सगळं फोनवरच्या नकाशात दिसतं. चांगली पोर होती. माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली. शेवटी बजावून गेली, "डोळ्याला हिरवं दिसतं. ते गवत आहे की आणखी काही, हे खाली जाऊन कुणीतरी बघायचं." वारिओ तोवर फोन चार्ज करायला पळाला होता.

गेल्या साली दोन्ही पावसाळे हुकले. कळपात अकरा उंट उरले. भरपूर दूध देणारी एकच, माझी लेक. तुमालची तान्ही दरारे तिच्याच दुधावर जगत होती, कारण दरारेची आई बाळंतपणातच गेली. चार दिवसांत चारा मिळाला नाही तर दूध आटणार, आणि दूध आटलं की दरारे.

"उद्या मी बघून येतो," तुमाल म्हणाला.

"दोन दिवस जायला, दोन यायला. तोवर आम्ही काय वारा चावायचा?" वारिओनं फोन पुढं केला. "हे बघ, दादा. सगळं पिवळं आणि इथं कसं हिरवंगार! तू अजून उंटाच्या चालीनं विचार करतोस."

"आणि तू? बॅटरी संपेपर्यंत?"

"भांडू नका रे मेल्यांनो, पोर आत्ता झोपलीय," तलासो म्हणाली. तिनं नातीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि माझ्या पाठीवर घर बांधायला घेतलं. त्या भुकेपुढं रीत हरली.

तिसऱ्या दिवशी पोचलो. हिरवं होतं, खोटं कशाला बोलू? हिरवंगार होतं. वेडी बाभूळ! नुसती वेडी बाभूळ, माणूस आत शिरला तर दिसू नये इतकी दाट, आणि पाला असा कडू की उंटसुद्धा तोंड लावत नाही. खाली गवताची एक काडी नाही. पहिल्याच पावलाला बोटभर काटा माझ्या तळव्यातून आरपार गेला.

तोच नकाशा डोंगरापलीकडच्या लोकांकडेही होता. तेही आपली मरतुकडी गुरं घेऊन तिथंच आले होते, तितकेच भुकेले, तितकेच फसलेले. मधोमध एक डबकं. कुणी कुणाला आधी शिवी दिली मला माहीत नाही. पहिली गोळी कुठून आली तेही नाही.

मग काय विचारता! गोळ्यांनी बाभळी तडतडू लागल्या. एक वळू आतडी ओढत पळाला आणि काट्यांत अडकून पडला. तलासो नातीला पोटाशी धरून माझ्या आडोशाला आली. मी हलले नाही. माझ्या कुशीला गोळी चाटून गेली तरी हलले नाही. तुमाल ओरडत मध्ये धावला, "थांबा रे! इथं काहीच नाही, कशासाठी मरताय?" त्याचा गुडघा फुटला आणि तो खाली आला.

माझी लेक पाण्यात तोंड घालून उभी होती. गोळी तिच्या मानेत शिरली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुडघ्यांवर बसली, जशी ओझं घ्यायला बसायची. डबकं लाल झालं. तेच पाणी नंतर दोन्हीकडचे लोक प्यायले, दुसरं नव्हतं.

मित्रांनो, यंत्राला दोष देऊ नका. त्यानं पाहिलं ते सांगितलं. पण जमिनीवरच्या जिवाची काळजी आभाळातून घेता येत नाही.

सकाळी पाच उंट उरले होते. त्यातली एकच दुभती, तीही वाटीभर दुधाची. तुमाल माझ्या सावलीत पडलेला, गुडघ्याला कातडं आवळलेलं. तलासोनं घर पुन्हा माझ्या पाठीवर बांधलं. आणि वारिओ फोन काढून म्हणाला, "आई, उत्तरेला अजून एक हिरवा ठिपका आहे. चल, उठव हिला."

त्यानं दोर ओढला. मी उठले नाही. काठी मारली. उठले नाही. जखमेवर मारली, तेव्हा मी मान वळवून त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं बोलले:

"वारिओ, तुझा ठिपका खरा असेल. पण तुझ्या भावाचा पाय गेला, आता त्याच्या जागी तुझे पाय चालतील. जा, वाटीभर दूध आटायच्या आत बघून ये. गवत आहे असं तू तुझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी उठणार नाही, मग मार किती मारायचं ते."