गदा नव्हे, पळी!

आधी माझ्या खांद्याला अडकवलेली पिशवी काढा, मग बोलते. हां, आता कसं मोकळं वाटलं!

मी एक शिळा आहे. सैनिकांच्या दफनभूमीतली, पाचव्या रांगेतली, फाटकाकडून अकरावी. माझ्या खाली एक माणूस झोपलाय आणि त्याचं नाव सांभाळणं हे माझं काम. ऐंशी वर्षं ते बिनतक्रार करतेय. आता थोडी तक्रार केली तर ऐकून घ्या.

माझा जन्म खाणीतला. माझ्याबरोबर निघालेले दगड कुठे कुठे गेले. एक कचेरीची पायरी झाला, त्याला रोज हजार जोडे. एकावर धुणं आपटतात. मला पाथरवटाने घासूनपुसून उभं केलं आणि अंगावर अक्षरं कोरली. शाळेत काही मी गेले नाही. येणारेजाणारे शेजारच्या शिळा मोठ्याने वाचायचे, ते ऐकून ऐकून वाचायला शिकले. मग स्वतःचं वाचलं. नाव, पलटण, आणि हुद्दा: आचारी.

हो, आचारी! नाक मुरडू नका. माझा माणूस दोनशे जणांचा स्वयंपाक करायचा. तोफा सुरू झाल्या तेव्हा सगळे खंदकात उतरले, हाही उतरला. मग म्हणाला, "अरे, पातेलं उतू जाईल!" आणि परत चुलीकडे धावला. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. पलटणीतली पोरं पाथरवटापुढे अडून बसली, "इतरांच्या दगडावर तलवार काढता ना? आमच्या आचाऱ्याच्या दगडावर पळी काढा." त्याने काढली. खाली कोपऱ्यात, वाटी वर, दांडा खाली.

पुढची कित्येक वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पावसाने अक्षरं चाटून चाटून गुळगुळीत केली. पळीचा दांडा गवतात बुडाला, वर नुसता गोळा दिसायचा.

माझ्या मागच्या रांगेत एक सेनापती आहे. मोठा नावाजलेला. तो गेला म्हातारपणी, गादीवर, खोकत खोकत. पण जाताना सांगून गेला, "माझा दगड माझ्या शिपायांसारखाच साधा असू द्या." त्यामुळे दिसायला आम्ही दोघं सारखेच. त्यात त्याच्यावर वेल चढली आणि त्याचं तोंडच झाकलं गेलं.

मग इथल्या समितीने एक पत्रक छापलं. पाहण्यासारख्या सात कबरी, सात नंबर. प्रत्येक कबरीपुढे नंबरची लोखंडी पाटी रोवली. सेनापतीची पाटी चार नंबरची. माळी गवत कापायच्या वेळी पाट्या उपटायचा, एकावर एक रचायचा आणि काम झालं की परत रोवायचा. एके दिवशी चार नंबरची पाटी त्याने माझ्यापुढे रोवली.

झालं! तीन वर्षं लोक माझ्यापुढे माना झुकवत होते.

"अहो, चार नंबर कुठाय? सगळे दगड सारखेच आहेत की!"

"पत्रक बघ ना! दगड काय बघतेस?"

माणसांची ही सवय मला कळलेली नाही. कागद वाचायला चष्मा लावतील आणि दगडासमोर आले की काढून खिशात ठेवतील. लोकांना फिरवून दाखवणारा इथला माहितगार तर कहर होता. माझ्या पळीकडे काठी रोखून म्हणायचा, "आणि ही पाहा सेनापतींची गदा! पराक्रमाची खूण!" लोक "वा, वा!" करायचे. एक निवृत्त मास्तर तर डोळे पुसत म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण काय हा साधेपणा!"

खोटं कशाला बोलू? मला आवडत होतं. फुलं काय, सलाम काय! माझा माणूस दोनशे जणांना वाढून झाल्यावर शेवटी जेवायचा. म्हटलं, मिळतोय मान तर घेऊ दे बिचाऱ्याला.

पण एका सकाळी समितीचे अध्यक्ष पाथरवटाला घेऊन आले. "अक्षरं पुसलीत. हा दगड घासून सपाट करा आणि सेनापतींचं नाव ठसठशीत कोरा. उद्या पाहुणे यायचेत."

पाथरवटाने माझ्यावर खडूच्या रेघा मारल्या. दगड असूनही मला घाम फुटला. उरलीसुरली अक्षरं गेली की माझा माणूस जगातून साफ पुसला जाणार, आणि मला तोंड उघडायची सोय नाही!

तेवढ्यात फाटकातून एक म्हातारी आली. हातात काठी, मागे सून. ती रांगा मोजत आली, दगड मोजत आली आणि माझ्यापुढे थांबली. "पाचवी रांग, अकरावा दगड. आईने सांगितलेलं हेच. हे माझे बाबा."

माहितगार गोड हसला. "आजी, चुकलात. इथे सेनापती आहेत. ही त्यांची गदा."

"गदा? तोफांच्या लढाईत तुझा सेनापती गदा घेऊन गेला होता?"

"आई, हळू बोला," सून पुटपुटली.

"हळू कशाला? चार वर्षांची होते बाबा गेले तेव्हा. सत्तर वर्षं परमुलखात काढली. आज पाय इथवर आलेत, ते हळू बोलायला?" तिने माळ्याकडे पाहिलं. "ए बाबा, ते गवत काढ जरा."

माळ्याने गवत उपटलं. दांडा दिसला, आणि दांड्याच्या टोकाला वळवलेला आकडा.

"गदेला आकडा असतो होय रे? तो पातेल्याच्या काठाला अडकवायला!"

माहितगाराची काठी खाली आली. माळी मान खाजवत म्हणाला, "गवत कापलं की मी पाटी... जिथे माती मऊ लागेल तिथे रोवतो."

"पण उद्या पाहुणे आहेत!" अध्यक्ष म्हणाले. "एवढा कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

पाथरवट माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. डोळे मिटून त्याने माझ्यावरून बोट फिरवलं, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खडूच्या रेघा तळहाताने पुसल्या. "साहेब, इथे आचारी लिहिलंय. असलेलं नाव मी खोडत नाही. दुसरा पाथरवट बघा."

गावात दुसरा पाथरवट नव्हता.

त्याच दिवशी माझी अक्षरं पुन्हा खोल झाली, पळीसुद्धा. म्हातारी शेवटपर्यंत बसून होती. निघताना तिने पळीवरची धूळ पदराने पुसली आणि वाकून हळूच म्हणाली, "बाबा, पातेलं उतू नाही हो गेलं. आई सांगायची, त्या दिवशी सगळे पोटभर जेवले."

आता चार नंबरची पाटी मागे गेलीय. सेनापतीची वेल कापली, त्याला त्याचा मान मिळाला, माझी काही हरकत नाही. माझ्याकडे सलाम नाहीत, फुलं नाहीत. लोक बुटाची नाडी बांधायला टेकतात आणि पिशव्या अडकवतात. त्यांना एवढंच सांगणं आहे, हातातला कागद क्षणभर खिशात घाला आणि समोरचा दगड वाचा. त्याच्या खाली कोणीतरी आहे.

आणि ती पिशवी... त्यात जेवणाचा डबा आहे म्हणता? मग असू द्या, अडकवा परत. त्याला बरं वाटेल.